उंबऱ्याला आवतण

आमच्या घरमालकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक पितळी होकायंत्र असे, आणि तंजावर शहरात उत्तर दिशा त्यांना विचारल्याशिवाय कुठे हलत नसे. हे मी फुगवून सांगत नाही. फुगवून सांगायचं तर असं सांगितलं असतं, की एकदा ते होकायंत्र दुरुस्तीला दिलं तेव्हा आठ दिवस गावातल्या सगळ्या बसगाड्या भलत्याच गावांना जात होत्या. पण तसं मी सांगत नाही. तीनच बस चुकल्या होत्या.

गृहस्थ उंचीनं देवळाच्या ध्वजस्तंभाएवढे आणि जाडीनं त्यावरच्या दोरीएवढे. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, बंद छत्री, छातीवर होकायंत्र. मामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नांत मला मंगळसूत्र घातलें, त्यांनीं हें घातलें. माझें मीं एकदां तरी पॉलिशला काढलें." अडतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. म्हणजे शाळा निवृत्त झाली होती. भूगोल चालूच होता. गाव त्यांना 'रायर' म्हणे. तमिळ माणूस तिथल्या मराठी घरच्या पुरुषाला आदरानं रायरच म्हणतो. मराठे राजे तिकडे गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग गेलेली ही घरं.

मी तिथे गेलो तो सरकारी खात्यात माती तपासायला. पश्चिम राजवीथीच्या मागच्या बोळात मराठी माणसाची खोली आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून दार वाजवलं. म्हटलं, "नमस्कार काका. वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं, म्हणून आलोय."

त्यांनी मान कलती करून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग आत वळून हाक मारली, "अगे, बाहेर ये. देशावरून एक मनुष्य आला आहे. मराठी बरीच कळते त्याला." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "बिघडली आहे थोडी. महाराष्ट्रांत फार दिवस राहिल्यावर असें होतें. येथें राहा. सुधारेल."

साडेतीन वर्षं राहिलो. किती सुधारली ते तुम्ही बघताच आहात.

त्या घरात डावा-उजवा हे शब्द नव्हते. जेवताना "ईशान्येकडची कोशिंबीर वाढ," "चटणी पश्चिमेस सरकव" असं चाले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "तुमच्या मिशीच्या आग्नेयेला सांबार आहे." मी वायव्य पुसली. मामींनी तोंडाला पदर लावला. पुढे मला इतकी सवय झाली, की सुट्टीत गावी गेलो असताना न्हाव्याला म्हणालो, "दक्षिणेकडून थोडे जास्त काप." त्यानं खुर्चीच फिरवली.

भूगोलाविषयी त्यांची मतं ठाम होती. कावेरीला ते नदी मानत नसत. "तें एकत्र कुटुंब," ते सांगत. "कर्नाटकांतून निघालें तेव्हां गोडीगुलाबीनें एका चुलीवर होतें. येथें जवळ आलें, सुना आल्या, वाटण्या झाल्या. आतां छत्तीस फांटे. पण बघा, भाताला पाणी अस्के मिळूनच देतात." 'अस्के' म्हणजे सगळे, हा शब्द आपण केव्हाच हरवला, त्यांनी जपून ठेवला आहे. आणि मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं प्रत्येक रिक्षावाला प्रवाशाला सांगतो, त्यावर ते म्हणत, "पडते हो. चोखट पडते. बघणाऱ्याची मान वर असते, त्याला खालची कशी दिसणार?"

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. रोज पहाटे मामी दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत. उरलेलं पीठ घेऊन रायर माजघरात उकिडवे बसत आणि लाल फरशीवर तंजावरचा नकाशा काढत. रोज! चार राजवीथ्या, किल्ल्याचा खंदक, तळी, बोळ, सगळं वीस मिनिटांत. माझ्या चहापर्यंत गाव तयार. मग मुंग्या येत. मुंग्यांनी जो रस्ता खाल्ला असेल तो बघून ते मला बजावत, "आज दक्षिण राजवीथीनें जाऊं नका, बंद आहे." आणि खरंच तिथे लग्नाचा मांडव आडवा घातलेला असायचा. एकदा मुंग्यांनी माझ्या कचेरीचा रस्ताच खाल्ला, तर मी रजाच टाकली.

या नकाशात एक गोम होती. त्यात बँक नव्हती, बसस्टँड नव्हतं, इस्पितळ नव्हतं. होते फक्त बासष्ट चौकोन. एकेक चौकोन म्हणजे एकेक मराठी घर. त्यातल्या एकोणीस घरांत मराठी माणसं उरली होती. बाकीची कोणी चेन्नईला, कोणी बंगळुरूला, काही तर थेट अमेरिकेला गेली होती, आणि त्या घरांतून आता शिंपी, मोबाइलवाले, शिकवणीचे वर्ग, भांड्यांची दुकानं नांदत होती. नकाशाला याचा पत्ता नव्हता. मी एकदा म्हटलं, "काका, इथे तर आता मोबाइलचं दुकान आहे."

"दुकान आहे?" ते म्हणाले. "म्हणजे उंबरा आहे ना?"

"उंबरा आहे."

"मग झालें. माणसें जातात-येतात. उंबरा कोठें जातो?"

आता हे उंबऱ्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

तिथल्या मराठी घरांचं एक छोटं मारुतीचं देऊळ आहे. माघात, नवा तांदूळ घरात आला की त्या देवळात समाराधना होते. समाराधना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, देव निमित्ताला. त्याचं आवतण फोनवर चालत नाही, पत्रानं चालत नाही. एका ठरलेल्या घरच्या माणसानं आदल्या दिवशी दारोदार जाऊन, उंबऱ्याशी उभं राहून, अक्षत देऊन ते तोंडानं सांगायचं. तो मान रायरांच्या घरचा. शब्दही ठरलेले, बापजाद्यांचे: "उद्यां मध्यान्हीं मारुतीपुढें पान मांडलें आहे. घरच्या अस्क्यांनीं यावें. चूल पेटवूं नये." बस. एवढंच. याच्या आधी एक शब्द नाही, नंतर एक शब्द नाही. आवतण देणाऱ्यानं वाटेत गप्पा मारल्या तर आवतण पातळ होतं, असं रायरांचं म्हणणं. आणि ते द्यायचं मराठीत. एरवी रायर असं तमिळ बोलत, की भाजीवाल्या ऐकत बसून वजन करायच्या विसरत. पण आवतणात तमिळ? छे.

आणि हे आवतण ते बासष्टच्या बासष्ट उंबऱ्यांना देत.

होय. शिंप्याच्या दुकानापुढे उभं राहून, मोबाइलच्या दुकानापुढे उभं राहून, शिकवणीच्या वर्गात पोरं पाढे म्हणत असताना दारात उभं राहून, तेच तीन वाक्यांचं मराठी आवतण. दुकानदार उठून उभे राहत, चपला काढत, हात जोडत, अक्षत घेत, मान डोलावत. आणि दुसऱ्या दिवशी एकजणही जेवायला येत नसे.

याचा रायरांना काय राग यायचा म्हणता! समाराधना झाली की आठ दिवस माजघरात नकाशाभोवती फेऱ्या घालत. "तो शिंपी! आठ वर्षें बोलावतों. मान डोलावतो तंजावरच्या बाहुलीसारखी, आणि येत नाहीं. चरबी! आणि तो मोबाइलवाला! त्याला आमचें अन्न नको. आणि ती शिकवणीवाली, तिला वाटतें—"

"मग जाऊं नका पुढल्या सालीं," मामी म्हणायच्या.

"न जायला काय झालें? न येणें हा त्यांचा धर्म. बोलावणें हा माझा."

राग मात्र वर्षभर पाळत. त्या शिंप्याकडे सदरा शिवायला टाकत नसत; त्यासाठी बस करून ओरत्तनाडू गावाला जात. एक सदरा, जाऊन-येऊन सोळा कोस. मीही एकदा बरोबर गेलो. शिंप्याकडून निघून मला तिथलं छत्र बघायला नेलं. छत्र म्हणजे धर्मशाळा. मराठ्यांच्या एका राजानं आपल्या लाडक्या बाईच्या आठवणीसाठी बांधलेली. खांब असे, की एकाला मिठी मारायची तर तीन माणसं लागतात. रायरांच्या बांध्याची असली तर नऊ. वाटसरूंना तिथे जेवू घालत. आता शुकशुकाट. रायर मला इतिहास सांगतील म्हणून मी कान टवकारले. ते तडक उंबऱ्याशी गेले, खिशातून पुडी काढली, चार तांदूळ दगडावर ठेवले आणि म्हणाले, "उद्यां मध्यान्हीं मारुतीपुढें पान मांडलें आहे. घरच्या अस्क्यांनीं यावें. चूल पेटवूं नये."

त्या दिवशी माघ नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणही नव्हतं.

मी विचारलं, "काका, हे काय?"

"इतक्या लोकांना जेवूं घातलें हिनें," ते खांबाकडे बघत म्हणाले. "हिला कधीं कोणीं 'जेवायला ये' म्हटलें असेल, असें वाटतें तुम्हांला?"

 

माझ्या तिसऱ्या वर्षी गोपूनं नोटीस दिली. गोपू रायरांचा पुतण्या, घरी बसून संगणकावर कुठल्यातरी परदेशी कंपनीचं काम करायचा, आणि देवळाच्या मंडळाचा सेक्रेटरीही होता. मुलगा वाईट नव्हता. समाराधनेला पाण्याच्या घागरी तोच भरायचा, वाढायचाही तोच, आणि शेवटी उरलेला भात गाईंना घालायचाही तोच. आदल्या वर्षी पानं मांडली एकतीस आणि भात शिजला शंभराचा, कारण रायरांनी आचाऱ्याला बासष्ट घरांचा हिशेब सांगितला होता. गाई इतका चिंचेचा भात जेवल्या, की दोन दिवस त्यांचं दूध आंबट आलं.

गोपू कागद घेऊनच आला. "काका, कमिटीनें रूल केला आहे. ह्या वर्षी अक्षत दिलेल्या घरांतून पन्नास पानें झालीं तर समाराधना चालू. नाहीं झालीं तर पुढल्या सालापासून बंद."

"बंद म्हणजे?"

"प्रत्येकानें आपापल्या घरीं जेवायचें आणि फोटो ग्रुपवर टाकायचा."

रायरांनी होकायंत्र हातात घेतलं. उत्तर जागेवर आहे ना, ते बघितलं.  "आणि आवतण?" त्यांनी विचारलं.

"तेंही ग्रुपवर," गोपू हळूच म्हणाला. "काका, गेल्या सालीं एकतीस. त्याच्या आधीं छत्तीस. मीं काय करूं सांगा."

त्या रात्री रायर जेवले नाहीत, असं मामींनी मला सांगितलं. सकाळी नकाशा काढला तो विस्कटलेल्या रेघांचा. पूर्व राजवीथी सरळ मोठ्या देवळाच्या तळ्यात गेली होती.

आणि नेमका आवतणाच्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. भोपळा म्हणण्याइतका. बासष्ट दारं चालणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कोणाला पाठवावं, तर मान त्यांच्या घरचा. शेवटी माझ्या मोपेडवर मागे बसले. एका हातात अक्षतांचं तबक, दुसऱ्या हातात होकायंत्र. "आतां नैर्ऋत्येस वळा." "आतां किंचित उत्तरेस झुका." तमिळनाडूच्या वाहतुकीत नैर्ऋत्येला वळणारा मी पहिलाच. एका पोलिसानं आम्हाला थांबवलं, तबक बघितलं, टोपी काढली आणि अक्षत घेतली. बासष्टाचे त्रेसष्ट झाले ते असे.

शिंप्याच्या दुकानाशी आलो. शिंप्याचं नाव सेल्वम. रायर लंगडत उतरले, उंबऱ्याशी ताठ उभे राहिले. सेल्वम मशीनवरून उठला, गळ्यातली टेप काढली, चपला काढल्या, हात जोडले. रायरांनी आवतण दिलं. सेल्वमनं अक्षत घेऊन मशीनच्या चाकाला लावली. रायर एक शब्द न बोलता, नाक पूर्वेला करून शेजारच्या दाराकडे लंगडत गेले. मी मोपेड धरून उभा.

सेल्वम माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात तमिळमध्ये म्हणाला, "सार, एक विचारू? रागवू नका. रायर दर वर्षी हा मंत्र म्हणतात, तो मशीनचा की दुकानाचा?"

"मंत्र?"

"हो. हा सुरू झाल्यापासून माझी एक सुई मोडलेली नाही. बायको म्हणते मंत्र दुकानाचा, मी म्हणतो मशीनचा. आमचं त्यावरून भांडण आहे."

मी हसता हसता मोपेडवरून पडलो. मोपेड माझ्यावर पडली. उठून म्हटलं, "अहो सेल्वम, मंत्र कसला? जेवायला बोलावतायत ते! उद्या दुपारी, मारुतीच्या देवळात. घरच्या सगळ्यांनी या, चूल पेटवू नका, असं म्हणतायत."

सेल्वम हसला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसला. "जेवायला? मला?"

"तुम्हाला. घरच्या सगळ्यांना."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

"अय्यो," सेल्वम म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सार, आमच्यात बोलावणं आल्यावर माणूस एकदा गेला नाही, तर पुढची तीन लग्नं बोलणं बंद असतं. आणि हा म्हातारा माणूस आठ वर्षं माझ्या दारी येऊन जेवायला ये म्हणतो, आणि मी मशीनला तांदूळ लावत बसलो! काय म्हणत असतील मला?"

काय म्हणत होते ते मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं नाही. तेवढा पाचपोच मला आहे.

तिथून पुढे मी एक पाप केलं. रायर आवतण देऊन पुढच्या दाराकडे वळले, की मी मागे रेंगाळून दोन वाक्यांत त्याचं तमिळ करून टाकायचो. मोबाइलवाल्याला वाटत होतं, रायर ग्रहांची शांत करतात. त्यानं अक्षत चार्जरच्या कप्प्यात जपून ठेवली होती. शिकवणीच्या बाईंना वाटत होतं, परीक्षेसाठी आशीर्वाद आहे. दर वर्षी त्या पोरांना ओळीनं उभं करत. भांड्यांच्या दुकानातले रावुत्तर भाई म्हणाले, "मला मंत्र कळत नाही, पण म्हातारा माणूस उन्हात येऊन काहीतरी चांगलंच म्हणत असणार, म्हणून मी आमेन म्हणतो." आणि अगोदरच्या दारांना मी सांगितलं नव्हतं, ते काम सेल्वमनं सायकल काढून केलं. रायरांना यातलं अक्षर कळलं नाही. मी सांगितलं नाही, कारण कोणी आलं नसतं तर तो राग त्यांना झेपला असता. आशा झेपली नसती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला देवळात सव्वीस पानं होती.

आचारी चुलाण्यापाशी घाम पुसत होता. गोपू कागद घेऊन खांबाशी उभा होता आणि कोणाकडेच बघत नव्हता. एक आजी म्हणाल्या, "मग बसूं या कीं. भात निवतो." रायर भिंतीला टेकून, सुजका पाय पसरून बसले होते. होकायंत्र सदऱ्याच्या आत होतं. इतक्या वर्षांत ते आत गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"दहा मिनिटें थांबूं या," ते म्हणाले. "जुनी रीत आहे."

अशी रीत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे थांबले.

पावणेबाराला दारात सेल्वम उभा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे बायको, सासू, दोन मुली, आणि हातात केळ्यांचा अख्खा घड. त्याच्या मागे मोबाइलवाला, त्याचा भाऊ, भावाची नवी नवरी. मग शिकवणीच्या बाई आणि परीक्षेला निघाल्यासारखी ओळीनं सतरा पोरं. मग रावुत्तर भाई, डोक्यावर एवढं मोठं पातेलं, की त्याखाली त्यांचं कुटुंब सावलीत चाललं होतं. "लागेल म्हणून आणलं," ते म्हणाले. मग कालचा पोलीस. मग फुलवाली, मग पंक्चरवाला, मग ते लोक ज्यांच्या घरी आवतण गेलंही नव्हतं पण ज्यांना सेल्वम वाटेत भेटला होता. बोळ भरला, बोळाबाहेरचा रस्ता भरला. मागच्या टोकाला म्हणे एक बस थांबली आणि ड्रायव्हर हात धुऊन आला. मी पाहिला नाही, पण हात ओले होते.

गोपू माझ्याजवळ सरकला. "सार, हीं आपलीं माणसें नाहींत."

हे मामींनी ऐकलं. त्या पुढे आल्या, त्याच्या हातातला कागद घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचला. "अक्षत दिलेल्या घरांतून पन्नास पानें. कोणीं लिहिलें हें?"

"मीं," गोपू म्हणाला.

"अक्षत दिली कीं नाहीं?"

"दिली."

"मग पानें मांड. केळीच्या पानांची तिसरी पेंढी मागल्या अंगणांत आहे."

तिसरी पेंढी! मी बघतच राहिलो. मामी माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "काल सांजवेळीं तो शिंपी विचारायला आला होता, येतांना काय आणूं म्हणून. मला आधीं सांगितलें असतेंत तर वडे जास्त घातले असते. देशावरचे तुम्ही, पोटांत गोष्ट ठेवतां आणि दुसऱ्यांचीं पोटें उपाशीं."

एवढं होईपर्यंत रायर उठले होते. काठी टेकत ते सेल्वमपुढे गेले.  आठ वर्षांत त्यांनी त्याच्याशी आवतणाशिवाय शब्द काढला नव्हता. तमिळमध्ये, फार गोड आवाजात म्हणाले, "आठ वर्षांनी वाट सापडली वाटतं आमच्या देवळाची?"

सेल्वमनं वाकून त्यांचे पाय धरले. सुजका गुडघा धरला, रायर ओरडले, सेल्वम आणखी घाबरला. आणि मग त्यानं सांगून टाकलं. मंत्र वाटायचा, मशीनचा. कोणालाच मराठी कळत नव्हतं. मंत्र म्हणणाऱ्याला मध्येच थांबवून अर्थ कसा विचारायचा? मोबाइलवाला म्हणाला, माझ्याकडे पाच वर्षांच्या अक्षता आहेत. फुलवाली म्हणाली, माझी सून त्या मंत्रानं बाळंत झाली.

रायरांनी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. तेव्हा मोठ्या देवळाच्या सावलीनंसुद्धा खाली वाकून बघितलं असणार.

मग ते म्हणाले, "म्हणजे ह्यांना गर्व नव्हता."

"नव्हता हो," मामी म्हणाल्या.

"आणि मी अस्क्यांविषयीं..." ते सेल्वमकडे वळले. "सेल्वम, मी तुझ्याविषयी फार वाईट बोललो आहे."

"केव्हा, रायर?"

"दर वर्षी. माघात. आठ-आठ दिवस."

"मी तर तुमच्याविषयी चांगलंच बोलायचो," सेल्वम कावराबावरा होऊन म्हणाला.

"तेंच तर!" रायर मराठीत ओरडले, आणि हसू लागले. एवढं हसले, की होकायंत्र सदऱ्यातून उडी मारून बाहेर आलं आणि सुई गरगर फिरली. मग लंगडत प्रत्येक नव्या पानापुढे गेले आणि माफी मागितली. नुसती नाही, कोणाला काय म्हटलं होतं, ते सविस्तर सांगून. शिकवणीच्या बाईंना म्हणाले, "तुम्हाला मी शिष्ट म्हणालो होतो. दोनदा." पंक्चरवाल्याला जे म्हणाले होते ते ऐकून पंक्चरवाल्यानं पुन्हा सांगायला लावलं, इतकं त्याला आवडलं.

जेवण पुरलं का, विचारता? आचाऱ्यानं रावुत्तर भाईंच्या पातेल्यात दुसरा भात चढवला. सांबारात पाणी घालता घालता तिसऱ्या पंगतीला त्याचं रसम झालं, पाचव्या पंगतीला रसमाचं तीर्थ झालं. पानं संपली तेव्हा शेवटच्या ओळीला केळीचं झाडच आडवं घातलं, आणि दोन्ही बाजूंनी लोक जेवले. मोजणी गोपूनं केली. एकशे चौऱ्याऐंशी. गाई दारात ताटकळत उभ्या राहून रिकाम्या परत गेल्या. गोपूनं कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि पुन्हा घागर उचलली. जाता जाता मला म्हणाला, "सार, पुढल्या सालीं मला चार माणसें लागतील पाण्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघरात गेलो तर नकाशा तोच. चारही राजवीथ्या सरळ, बासष्ट चौकोन, एकही कमी-जास्त नाही. फक्त एकोणीस चौकोनांत पूर्वीपासून पिठाचा एकेक ठिपका असे. आज बासष्टांतही होता. आणि त्यांच्या स्वतःच्या घराच्या चौकोनाला, वरच्या अंगाला, एक छोटा त्रेसष्टावा चौकोन चिकटलेला.

"हा पोलीस?" मी विचारलं.

"पोलिसाला उंबरा कोठें आहे? ती तुमची खोली."

सहा महिन्यांनी माझी बदली झाली. खोली त्यांनी पुन्हा भाड्यानं दिली नाही. भाडेकरू मिळत नाही म्हणतात. तंजावरात भाडेकरू मिळत नाही! मी आता सांगलीला असतो. पुढल्या माघात फोन आला. पलीकडे सेल्वमचा आवाज, तमिळच्या चालीवर, एकेक शब्द काप-काप कापत: "उद्यां मध्यान्नी मारुतीपुडे पान..." आणि त्याच्या मागून रायरांची गर्जना, "मध्यान्हीं! नाकांतून म्हण! आवतण आहे, बटण लावणें नव्हे!" गुडघ्यामुळे आता दारोदार सेल्वमच त्यांना स्कूटरवर नेतो, आणि काही दारांना तोच आवतण देतो. आवतणाला वेगळी भाषा नाही हा नियम रायरांनी सोडलेला नाही. त्यांनी सगळा बोळच मराठी शिकवायला घेतला आहे.

मग ते स्वतः फोनवर आले. "तुमच्या खोलीच्या उंबऱ्याला आवतण दिलें, अक्षत लावली. फोन नुसता कळवायला. येतां कीं नाहीं?"

"काका, हजार किलोमीटर..."

"अंतर मला सांगूं नका. भूगोल मीं शिकविला आहे."

"रजा नाही हो."

"बरें," ते म्हणाले, आणि आवाजात आनंद लपता लपेना. "न येणें हा तुमचा धर्म. आतां शिंपी येतो, मोबाइलवाला येतो, अस्के येतात. माघांत आठ दिवस वाईट बोलायला मला कोणी उरलें नव्हतें."

तेव्हापासून दर वर्षी तंजावरात माझ्याविषयी आठ दिवस फार वाईट बोललं जातं. सेल्वम फोन करून सविस्तर कळवतो. गेल्या वर्षी मला चरबी चढली होती. त्याच्या आदल्या वर्षी मी शिष्ट होतो. दुपारी बायको विचारते, आज गॅस का पेटवू देत नाही? मी सांगतो, आवतण आहे. आम्ही दोघं दही-पोहे खातो.

या वर्षी मात्र तिकीट काढलं आहे. खिडकीची जागा आहे, पूर्वेकडची. जाईन म्हणतो. फक्त एकच काळजी लागली आहे: मीही पंगतीला जाऊन बसलो, तर मग ते वाईट कोणाविषयी बोलतील?